पुष्पकच्या पंखांचं कापड बदलतोय, जाणकारांनो मदत हवी (नागपूर)

सोनेगावकर, ९ मार्च

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या इथल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या शेडमध्ये एक पुष्पक कित्येक वर्षं धूळ खात उभं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुष्पक म्हणजे बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेलं दोन सीटचं, वर पंख असलेलं छोटं विमान. पहिलं उड्डाण सप्टेंबर १९५८, ९० हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन, दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांमध्ये एका अख्ख्या पिढीचा हात त्याच्यावर बसला. अमेरिकेतल्या एरॉन्का चीफशी त्याचं घराणं जुळतं. बॉडी स्टीलच्या नळ्यांची, पंखात स्प्रूस लाकडाचे दोन स्पार, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत जाणारे लांब वासे, त्यांना आडव्या, पंखाला आकार देणाऱ्या हलक्या धातूच्या फासळ्या म्हणजे रिब, आणि या सगळ्यावर कापड. हो, कापडच. आमच्या सोसायटीत कोणाला खरंच वाटत नाही, विमान पत्र्याचंच असतं असं सगळे धरून चालतात.

आम्ही चौघं आहोत. मी हिंगणा एमआयडीसीत टर्नर आहे, दुसरे एक काका, ज्यांनी हवाई दलात एअरफ्रेमवर आयुष्य काढलं, आणि दोन विद्यार्थी. संस्थेने सांगितलंय की उडवायचं नाही, पोरांना शिकायला ठेवायचं, पण नीट करा. डावा पंख काढून स्टँडवर घेतलाय. जुनं सुती कापड बोट लावलं की फाटतं, वरचा रंग खपल्या होऊन निघतो, आणि काही ठिकाणी गोल गोल चकत्यांसारख्या भेगा पडल्यात, काका म्हणतात तिथे कधीतरी दणका बसलाय किंवा डोप, म्हणजे कापडाला मारलेला लेप, वाळून ठिसूळ झालाय.

एक गोष्ट आम्ही केली ती आधीच सांगतो, कोणाच्या कामी येईल. जुनं कापड फाडून फेकलं नाही. ब्लेडने कडेने कापून अख्खी चादर काढली आणि शेडमध्ये पसरून ठेवली. टाके किती अंतरावर होते, पाणी निघायची भोकं कुठे होती, तपासणीच्या गोल झाकणांच्या जागा, सगळं त्यावर जसंच्या तसं आहे. रिबगणिक टाक्यांची अंतरं वर्तमानपत्राच्या पट्ट्यांवर उतरवून घेतली.

आता विचारायचं ते हे: कापड कोणतं घ्यावं, नागपूरच्या हवेत डोप मारायला कोणता महिना बरा, आणि रिब स्टिचिंग, म्हणजे कापड रिबला शिवणं, हातावर शिकवणारं विदर्भात कोणी आहे का.


गांधीबागवाला, ९ मार्च

भाऊ लय भारी काम हाती घेतलं तुमी. आमचं तीन पिढ्यायचं कापडाचं दुकान हाय म्हणून इचारतो, जर इमान उडवाचंच नाही तं बाहेरून मागवलेलं महागाचं कापड कायले पाह्यजे? आमच्याकडं पॉलिएस्टर अस्तराचे तागे पडून हायत, पांढरं, पन्हाबी मोठा. तुमाले खरेदीच्या भावात देतो. माह्यं काही चुकत असीन तं सांगजा.


शिकाऊ_अमरावती, १० मार्च

वाचनखूण साठवली. मी एरोनॉटिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि खरं सांगते, आम्हाला कॉलेजात कापडी पंखांवर एकच तास झाला. मुळात कापड का वापरायचे आणि ते हवेचा जोर कसं सहन करतं हे कोणीतरी सोपं करून सांगेल का?


एएमई_पुणेकर, १० मार्च

दोघांनाही उत्तर देतो, थोडं मोठं होईल.

गांधीबागवाले दादा, प्रश्न अगदी बरोबर आहे. तुमच्या दुकानातलं पॉलिएस्टर गिरणीतच गरम करून बसवलेलं असतं, नाहीतर गिऱ्हाईक पहिल्या धुण्यानंतर आटलेलं कापड घेऊन परत आलं असतं. विमानाचं पॉलिएस्टर मुद्दाम तसं न बसवता कोरं ठेवतात. फ्रेमवर चिकटवून इस्त्री फिरवली की ते जागच्या जागी आटतं आणि तबल्याच्या पुडीसारखं ताणलं जातं. अस्तराचं कापड तसं ताणणारच नाही, पंखावर झोळ राहतील. शिवाय प्रमाणित कापडाच्या काठावर छाप असतो, तो बघून कळतं की हे कोणत्या प्रतीचं आहे.

ताकदीचं गणित असं. जुन्या काळी ग्रेड ए सुती कापड चालायचं, त्याची एक इंच रुंदीची पट्टी नवी असताना ८० पौंडांचा ओढ सहन करायची. ७० टक्के म्हणजे ५६ पौंडांच्या खाली गेली की कापड बाद. हलक्या आणि कमी वेगाच्या विमानांना त्याहून खालची प्रत चालायची, तिचे आकडे ६५ आणि ४६. पुष्पकचं पूर्ण भरलेलं वजन ६१२ किलो आणि पंखाचं क्षेत्रफळ सव्वासोळा चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला चाळीस किलोसुद्धा भार येत नाही. पण प्रत कोणती ते आपण ठरवायचं नसतं, मॅन्युअल ठरवतं. आणि उडणारं विमान असेल तर सुती काढून पॉलिएस्टर लावणं हा बदल धरला जातो, त्याला मंजुरीची कागदपत्रं लागतात.

शिकाऊ ताई, कापड स्वतः भार पेलत नाही. ते हवेचा दाब रिबांकडे देतं, रिब स्पारला देतात, स्पार बॉडीला. वरच्या बाजूने हवा कापडाला ओढत असते, म्हणून ते रिबला जागोजागी शिवायचं, नाहीतर फुगा होईल आणि पंखाचा आकारच जाईल. राइट बंधूंनी १९०३ मध्ये साधं मलमलच लावलं होतं, त्यावर डोपसुद्धा नव्हता. डोप नंतर आला, तो सुती कापडाला आटवतो, हवा आणि पाणी अडवतो.


सोनेगावकर, १२ मार्च

पुणेकर, मनापासून आभार. गांधीबागवाले दादा, तुमचं अस्तर आम्ही घेणार आहोत, सरावाच्या चौकटींसाठी, पोरांना टाके शिकवायला लागेल.

उडवायचं नाही तर साधं का नको, हा प्रश्न संस्थेतही विचारला गेला. काकांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. ज्या पोरांचा हात या पंखावर बसणार ती उद्या खऱ्या विमानाच्या कागदावर सही करणार. इथे "चालतंय" म्हणायची सवय लागली तर ती तिथेही जाईल. म्हणून ठरलं, यात उद्या कोणीतरी बसणार आहे असं समजूनच सगळं करायचं. कापड मागवलंय. तोवर लाकूड बघतोय.


सोनेगावकर, १७ एप्रिल

मंडळी, आज जे सापडलं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

डावा पंख चांगला निघाला, जुनं वॉर्निश खरवडलं, लाकूड आतून पिवळं आणि घट्ट. मग उजव्याचं कापड उतरवलं. बाहेरून हाच पंख जास्त बरा दिसत होता बरं का, रंगही शाबूत. पुढच्या स्पारला जिथे खालून स्ट्रटचा, म्हणजे बॉडीपासून येणाऱ्या तिरक्या दांड्याचा आधार लागतो तिथे लाकडाला जाडी द्यायला दोन्ही बाजूंनी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या संपतात त्याच्या पलीकडची पहिली रिब. तिच्या खिळ्यांवरून बोट फिरवताना काकांचं बोट अडकलं. तीन खिळ्यांची डोकी इवलीशी वर आली होती, नखाला लागतील एवढीच. मी म्हटलं ठोकून घेऊ. काकांनी माझा हात धरला. म्हणाले खिळा आपोआप वर येत नसतो, खालचं लाकूड हललंय.

मग शेडचे दिवे घालवले. समोरून टॉर्च मारली, काही नाही. काकांनी टॉर्च स्पारला जवळजवळ टेकवून आडवी धरली, उजेड लाकडावरून सरपटत गेला पाहिजे असा, आणि हळूहळू सरकवत नेली. आणि मग दिसली. स्पारच्या वरच्या कडेला एक रेष, लाकडाच्या तंतूंना आडवी, कागदाची घडी उलगडल्यावर वळ राहतो ना तशी. नखाने लागत नाही, उजेड सरळ केला की गायब होते. पाच-सहा वेळा टॉर्च हलवून बघितलं, दोन्ही पोरांना दाखवलं, त्यातल्या एकाला पहिल्यांदा दिसलीच नाही.

याला कॉम्प्रेशन क्रॅक म्हणतात. कधीतरी पंखाचं टोक जमिनीला आपटलं असेल, नाहीतर आदळत उतरलं असेल, त्या क्षणी लाकडाचे तंतू आतल्या आत चिरडले गेले. त्यानंतर किती तास ते उडलं कोणास ठाऊक.

मला इथे लिहायचंय ते हेच. आपण सगळे कापडाबद्दल बोलतो, रंग कोणता, कंपनी कोणती. कापड एकदा चढवलं की पुढची वीस वर्षं आत कोणी बघत नाही. पंख उघडा असतो ते दिवस थोडे असतात, त्यात घाई करू नका.


एएमई_पुणेकर, १८ एप्रिल

काकांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. सैल खिळे हे या दुखण्याचं पुस्तकातलं लक्षण आहे पण पुस्तकात वाचून बोटाला ते कळत नाही.

अमेरिकेत एरॉन्काच्याच वंशातल्या सिटाब्रिया, डेकॅथलॉन वगैरे लाकडी स्पारच्या विमानांसाठी २००० साली याच कारणावरून तपासणी सक्तीची केली, कारण हवेत पंख तुटून माणसं गेली होती. तिथेही झाकणांमधून आरसा घालून आणि जोराचा उजेड मारून हीच रेष शोधतात. आणि हो, ही भेग जोडता येत नाही. वरून पट्टी मारली, गोंद भरला, काही उपयोग नाही. स्पार बदलायचा.


जुना_रिगर_ओझर, १८ एप्रिल

पुणेकरांशी सहमत. एक भर घालतो. कापडाच्या आधी पंख ट्रॅमल केला का? आतल्या तिरप्या तारा आहेत ना, त्यांच्या दोन्ही कर्णांची मापं सारखी आली पाहिजेत, लांब पट्टीला दोन टोकदार सुया लावून प्रत्येक खण मोजायचा, मुळापासून सुरुवात करून टोकाकडे. कापड ताणल्यावर वाकडा पंख वाकडाच राहतो. आणि रिबा सरळ उभ्या राहाव्यात म्हणून त्यांच्या मधून पट्टी वरून खाली, खालून वर अशी विणत न्या, नाहीतर कापड आटताना रिब कलंडतात.

वॉर्निश दोन भागांचं इपॉक्सीच घ्या, साधं असेल तर डोपमधला थिनर ते विरघळवतो आणि कापड लाकडाला चिकटून बसतं.


सोनेगावकर, २२ मे

एक चूक झाली, ती सगळी लिहितो म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही.

स्पारचं लाकूड यायला वेळ आहे, तोवर एलेरॉनवर, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीवर, हात बसवू म्हटलं. कापडाची छोटी खेप आली होती. चढवलं, इस्त्री केली, छान बसलं. मग नायट्रेट डोप. आता मे महिना, नागपूर, बाहेर ४४ अंश. शेडच्या पत्र्याखाली काय होत असेल ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. ब्रश डब्यातून कापडापर्यंत नेईस्तोवर डोप आळायला लागला, ब्रश ओढला की तार निघायची, मागे रेघा राहायच्या. दोन तास असंच झुंजलो. मग मीच म्हटलं की कूलर लावू, जरा गार झालं की सुरळीत होईल. शेजारून मोठा कूलर आणला, वाळा भिजवला, तोंड आमच्याकडे केलं. पंधरा मिनिटांत डोप सुंदर पसरायला लागला. आम्ही खूश. दुसरा हात मारून जेवायला गेलो.

परत येऊन बघतो तर अख्खं एलेरॉन पांढरं. दुधाची साय धरावी तसं, आणि कूलरसमोरचा भाग जास्तच. बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी. त्या दिवशी काका आले नव्हते. संध्याकाळी फोनवर सांगितलं तर बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग एवढंच विचारलं, "कूलर कोणी लावला?"


रसायन_वर्धा, २३ मे

याला ब्लशिंग म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका, कारण समजून घ्या. डोपमधला थिनर उडून जाताना कापडाची उष्णता घेऊन जातो, माठातलं पाणी गार होतं तसंच. पृष्ठभाग हवेपेक्षा बराच थंड होतो. हवा कोरडी असेल तर काही बिघडत नाही. पण तुम्ही कूलर लावून हवेत पाणी भरलंत, ते त्या थंड थरावर दव होऊन बसलं आणि पाणी मिसळताच सेल्युलोज साका धरल्यासारखं बाहेर पडलं. ती पांढरी साय म्हणजे डोपच आहे पण फुटलेला, त्यात ताकद नाही.

उपाय म्हणजे हळू उडणारा थिनर, म्हणजे रिटार्डर, घालायचा. ब्लश वरवरचं असेल तर कोरड्या दिवशी थिनर-रिटार्डरचा हलका फवारा मारला की थर परत विरघळून सपाट होतो. खोल गेलं असेल तर काढून टाका.

आणि कूलरबद्दल दुसरी, जास्त मोठी भीती. नायट्रेट डोप म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, ते पेटायला ठिणगी पुरते. कूलरची मोटर, साधा पंखा, हॅलोजन, मोबाईलचा चार्जर, काहीही नको. पंखाला अर्थिंग करा, सुती कपडे घाला, नायलॉनचा शर्ट नको. मास्क म्हणजे कापडाचा रुमाल नाही, वाफा अडवणारा फिल्टरवाला मास्क हवा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या विमान कारखान्यांत डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन वापरायचे, त्या वाफांनी तिथल्या कामगारांना कावीळ व्हायची, काही जण दगावले, त्यात बऱ्याच बायका होत्या. आजचे थिनर तेवढे जहरी नाहीत पण यकृत आपलं एकच असतं.


गांधीबागवाला, २३ मे

बाप्पा! मी तं समजत होतो रंग मारनंच हाय. काळजी घेजा राजेहो, त्या पोरायले मास्क घेऊन द्या पयले.


सोनेगावकर, २४ मे

घेतले, चारही. धन्यवाद वर्धेकर, तुमचा प्रतिसाद छापून शेडच्या दारावर लावलाय. एलेरॉनचं कापड काढून टाकलं. डोपचं काम आता सरळ दिवाळीनंतर. उन्हाळ्यात थिनर उडतो, पावसाळ्यात ब्लश. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळचं दव गेल्यावर दहा-अकरापासून तीन वाजेपर्यंत, तेवढाच वेळ आपल्याकडे या कामाचा.


टपालवाला_निवृत्त, ३० जून

धागा आवडीने वाचतो आहे. विमानातलं काही कळत नाही पण नागपूर आणि विमान म्हटलं की एक सांगावंसं वाटतं. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी चारही दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची. तिथे थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत जिथली तिथे परत. आमचे वडील त्या थैल्या मोजायला होते. डकोटा विमानाच्या शेपटीला हात लावला तर ढोलकीसारखं वाजतं असं ते सांगायचे, आम्हाला ते गंमत म्हणून सांगतात असं वाटायचं.


जुना_रिगर_ओझर, १ जुलै

गंमत नाही साहेब, वडील अगदी खरं सांगत होते. डकोटाची बॉडी आणि पंख धातूचे, पण शेपटीचे हलणारे भाग म्हणजे रडर आणि एलिव्हेटर, आणि पंखाचे एलेरॉन कापडाचे. म्हणजे सोनेगावला कापड-डोपचं काम त्या काळापासून आहे.


सोनेगावकर, ११ ऑगस्ट

पावसाळ्यात टाक्यांचा सराव चाललाय. धाग्यात विचारलं होतं शिकवणारं कोणी आहे का, तर ते घरातच निघालं.

लाकडाच्या चौकटीवर गांधीबागवाल्या दादांचं अस्तर ताणलं, आत पट्टी घालून खोटी रिब केली. काकांनी गाठ दाखवली. दोरा मेण लावलेला, हातभर लांब सरळ सुई. रिबच्या एका बाजूने सुई वरून खाली, पलीकडच्या माणसाने ती रिबच्या दुसऱ्या बाजूने परत पाठवायची, म्हणजे दोऱ्याचा वेढा अख्ख्या रिबला बसतो, वरचं आणि खालचं कापड दोन्ही धरून. खऱ्या पंखावर टाक्याखाली आधीच एक जाड पट्टी चिकटवलेली असते म्हणजे दोरा कापडाला कापत नाही. मग गाठ, आणि पुढच्या टाक्यापर्यंत दोरा न तोडता जायचं. प्रत्येक गाठ स्वतंत्र पक्की हवी, म्हणजे मधे कुठे दोरा तुटला तरी बाकीचे टाके सुटत नाहीत. सगळी कला त्यात आहे. आम्हाला दोन आठवडे गाठ जमेना, कधी सैल, कधी भलतीकडे सरकलेली.

एका रविवारी चौकट घरी आणली होती. माझी आत्या महालातून राहायला आली होती, चौसष्ट वर्षांची, जन्मभर गोधड्या शिवल्यात. बघत बसली. मग म्हणाली, "तू दोरा ओढून राह्यला तिकडं, गाठ बसते इकडं. जिथं गाठ पाह्यजे तिथं अंगठा ठेव ना बापू." तिने डाव्या अंगठ्याने कापडावरचा दोरा दाबून धरला, उजव्या हाताने सरळ वर न ओढता आडवा ओढला, आणि गाठ अंगठ्याखाली टुपकन बसली. मग अर्धी गाठ मारून आवळली. तिने एकामागून एक अकरा टाके घातले, फुटपट्टी लावून बघितलं तर अंतरं सारखी. तिने खुणाही केल्या नव्हत्या.

आता आत्या दर शनिवारी शेडमध्ये येते. पोरं तिला मॅडम म्हणतात, ती त्यांना रागावते की आत्या म्हणा.


शिकाऊ_अमरावती, ११ ऑगस्ट

आत्यांचा अंगठा फार आवडला. मी दिवाळीच्या सुट्टीत येऊ शकते का हात लावायला?


सोनेगावकर, ११ ऑगस्ट

नक्की या ताई. बसस्टँडवरून फोन करा, पोरं घ्यायला येतील.


सोनेगावकर, १६ नोव्हेंबर

डाव्या पंखावर कापड चढलं! खालची बाजू आधी, मग वरची, पुढच्या कडेला एकावर एक चढवून चिकटवलंय. चिकटवताना ओढून ताणायचं नाही, हलकेच पसरून ठेवायचं, ताण इस्त्री देते.

इस्त्रीवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. घरच्या इस्त्रीवर "सुती, रेशीम, लोकरी" लिहिलेलं असतं, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. आम्ही तळाला थर्मामीटर चिकटवून डायल थोडा थोडा फिरवत तीन जागा शोधल्या, १२० अंश, १५० अंश आणि १७५ अंश, आणि तिथे पांढऱ्या रंगाने ठिपके दिले. ठिपक्यावर ठेवूनही तापमान आठ-दहा अंश वरखाली होतं, म्हणून पाच मिनिटं थांबून परत मोजायचं. पहिला हात १२० वर सगळ्या पंखावर, मग दीडशे, शेवटी १७५. एकदम गरम लावली तर एक बाजू आधी आटते आणि रिब वाकते. आणि दोनशेच्या पलीकडे गेलं तर कापड उलट सैल पडतं, ते परत ताणत नाही, नवीनच लावावं लागतं.

अमरावतीच्या ताई तीन दिवस येऊन गेल्या, शेवटचा १७५ चा हात त्यांनी फिरवला. इस्त्री सरकते तशी सुरकुती डोळ्यासमोर विरघळत जाते, आम्ही सगळे काम सोडून तेच बघत उभे होतो.

डोप नॉन-टॉटनिंग, म्हणजे कापडाला न आटवणारा घेतलाय. साधा डोप वर्षानुवर्षं आटत राहतो, सुतीला ते हवंच असतं, पण इस्त्रीने आधीच ताणलेल्या पॉलिएस्टरवर मारला तर रिबा पिळून काढतो. पहिले हात नायट्रेटचे कारण ते धाग्यात घुसून पकडतं, त्यावर ब्युटिरेट, हा डोपचा दुसरा प्रकार, जो तेवढा भराभर पेटत नाही. उलट क्रम चालत नाही, ब्युटिरेटवर नायट्रेट टिकत नाही.


जुना_रिगर_ओझर, १७ नोव्हेंबर

उत्तम. पाणी निघायची भोकं विसरू नका, प्रत्येक खणाच्या सगळ्यात खालच्या जागी, मागच्या कडेजवळ. लाकडी स्पारचा पंख सडतो तो बहुतेक तिथे साचलेल्या पाण्याने. आणि एलेरॉन रंगवून झाल्यावर बॅलन्स तपासा, रंगाचं वजन मागे पडतं.


सोनेगावकर, १९ डिसेंबर

टाके पूर्ण. पंख पुढच्या कडेवर उभा केला, आत्या एका बाजूला, पोरं आळीपाळीने दुसऱ्या. प्रोपेलरच्या झोतातल्या रिबांवर टाके जवळजवळ, बाहेर लांब, वर्तमानपत्राच्या पट्ट्यांप्रमाणे तंतोतंत. टाक्यांवरून कातरलेल्या काठाची पट्टी डोपने चिकटवली. भोकं पाडली रिगर काका, प्रत्येक खणाला.

उजव्या पंखाबद्दल पण ठरलं. स्प्रूसची योग्य प्रतीची फळी अजून मिळालेली नाही, आणि दुसरं लाकूड घालायचं नाही यावर सगळे ठाम आहेत. काकांनी संस्थेला सुचवलं आणि त्यांनी मान्य केलं, की उजवा पंख उघडाच ठेवायचा, कापड लावायचंच नाही. तो भेगेचा स्पार, ते तीन वर आलेले खिळे, सगळं आहे तसं. भेगेवर लाल खूण करायला मी निघालो होतो, काकांनी करू दिली नाही. पोरांनी ती स्वतः शोधायची.


एएमई_पुणेकर, १९ डिसेंबर

हे फार आवडलं. माझ्या हाताखालच्या ट्रेनींना घेऊन यायला परवानगी मिळेल का?


सोनेगावकर, १० जानेवारी

मिळेल, बोलून ठेवलंय.

चांदीचे हात चालू आहेत. ब्युटिरेटमध्ये ॲल्युमिनियमची भुकटी, ऊन अडवायला. रंग कितीही चांगला असो, ऊन कापडापर्यंत पोचलं तर धागा मरतो, आणि आपलं ऊन कसं आहे ते मी सांगायला नको. ते अडतंय का हे बघायला काल रात्री शेड बंद करून, डोपचा वास पूर्ण गेल्यावर, पंखाच्या आत तपासणीच्या झाकणातून बंद काचेचा दिवा सोडला. बाहेर काळोख. पंख काळाकुट्ट दिसला पाहिजे. दिसला, पण मुळापासून सातव्या रिबच्या पट्टीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे चार उजेडाचे ठिपके. आत्याने खडूने गोल केले. उद्या अकरा वाजता तिथे आडवा-उभा अजून दोन हात.

पुणेकर, शनिवारी सकाळी या. चपला दाराबाहेर, मोबाईल आधी बंद. उजवा पंख बघायला टॉर्च लागेल, प्रत्येकाने आपापली आणावी.